गाडी बदलायची, पण कुणाच्या हिशोबानं?

पाडवा जवळ आला की घराघरांतून एक विषय हमखास निघतो. 'औंदा गाडी बदलून टाकू.' विषय काढतात बहुधा घरातले पुरुष. मग मेहुणे, चुलतभाऊ, दुकानावर बसणारे मित्र आपापला सल्ला देतात. कुणी म्हणतं उंच गाडी घ्या, कुणी म्हणतं डिझेलच घ्या, कुणी म्हणतं आता डिझेलचं नाव काढू नका. आपण बायका आतून चहा आणता आणता ऐकतो आणि शेवटी एवढंच विचारतो, 'पैसे कुठून आणायचे?'

प्रश्न बरोबर आहे, मैत्रिणींनो, पण तो दुसरा आहे. त्याच्या आधी एक प्रश्न विचारायचा राहून जातो. आपली गाडी वर्षाला चालते किती?

पाटोद्यातल्या एका ओळखीच्या घरात हा विषय नुकताच चांगला महिनाभर चालला. घरातल्या वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणतात, आपणही तेच म्हणू. यजमानांचं खत-बियाण्यांचं दुकान. घरात सासूबाई, ज्यांना बाई आपल्याकडच्या रीतीनं आत्याबाई म्हणतात. मुलगी छत्रपती संभाजीनगरला नर्सिंग शिकते. दारात २०११ साली घेतलेली छोटी डिझेल गाडी, पंधरा वर्षं भरत आलेली. म्हणजे पासिंग नव्यानं करायची वेळ आली. यजमानांचं म्हणणं, आता ह्या गाडीवर पैसा घालायचा नाही, ती देऊन टाकायची आणि एक मोठी डिझेल गाडी आणायची.

'अगं, शेजारच्यांनी घेतली, आपण कामून थांबायचं?'

'अहो, थांबायचं म्हणत नाही मी. आधी मोजू तरी.'

बाईंनी कपाटातली फाईल काढली. सर्व्हिसिंगच्या प्रत्येक बिलावर किलोमीटरचा आकडा लिहिलेला असतो, हे आपल्या लक्षातच येत नाही. त्यांनी जुन्यापासून नव्यापर्यंत बिलं लावली आणि वजाबाकी केली. सुरुवातीची चार-पाच वर्षं गाडी वर्षाला वीस-बावीस हजार किलोमीटर पळत होती. तेव्हा बाईंची शाळा लांबच्या गावाला होती आणि यजमान आठवड्यातून दोन-तीनदा मालासाठी बीडला जात होते. आता बाईंची बदली गावाजवळ झाली, माल टेम्पोनं दुकानात येतो. गेल्या तीन वर्षांत गाडी वर्षाला साडेसहा हजारांच्या वर गेलेली नाही. यजमानांना हे खरं वाटेना. त्यांच्या मते गाडी 'लई चालते'. कागदावरचं वेगळं निघालं.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते समजायला थोडं मागं जावं लागतं. डिझेल गाडी घरगुती वापरात कशी आली ते आठवा. पूर्वी डिझेल म्हणजे जीप, ट्रॅक्टर, ट्रक. डिसेंबर १९९८ मध्ये टाटांनी इंडिका आणली, पुण्यात तयार होणारी. छोटी घरगुती गाडी आणि तीही डिझेलवर, हे मध्यमवर्गाला नवीन होतं. पुढे २००७ मध्ये मारुतीची स्विफ्ट डिझेलमध्ये आली आणि मग तर लग्नात, नोकरीत, ऊसाचं बिल आल्यावर घ्यायची गाडी म्हणजे डिझेलच, असं समीकरण झालं. ते चुकीचंही नव्हतं. सरकार डिझेलचा भाव धरून ठेवत होतं. २०१२ च्या उन्हाळ्यात दिल्लीत पेट्रोल लिटरला साधारण ७३ रुपये होतं आणि डिझेल साधारण ४१. केवढा फरक! तेव्हाच्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज १५ आणि डिझेलचं १८ धरलं तर पेट्रोलवर किलोमीटरला ४ रुपये ८७ पैसे लागायचे आणि डिझेलवर २ रुपये २८ पैसे. वर्षाला वीस हजार किलोमीटर चालणाऱ्या घराचे पन्नास हजारांवर रुपये वाचत. म्हणजे बाईंच्या घरानं २०११ मध्ये डिझेल घेतली ते अगदी शहाणपणाचं होतं.

मग काय बदललं? जानेवारी २०१३ पासून डिझेलचा भाव थोडा थोडा वाढवायला सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तो पूर्ण मोकळा केला गेला. दोन्हींमधलं ते बत्तीस रुपयांचं अंतर आटत गेलं. आता हिशोबाला पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ धरू, तुम्ही तुमच्या पंपावरचा भाव घाला. बाईंची जुनी डिझेल गाडी १६ देते, म्हणजे किलोमीटरला पावणेसहा रुपये. एखादी अलीकडची छोटी पेट्रोल गाडी १७ देईल, म्हणजे ६ रुपये १८ पैसे. फरक ४३ पैशांचा. साडेसहा हजार किलोमीटरला वर्षाकाठी २,८०० रुपये. एका लग्नाच्या आहेराएवढे!

नवी डिझेल गाडी घेतली तर? ती २० देईल असं धरू. किलोमीटरला ४ रुपये ६० पैसे. नव्या पेट्रोलच्या तुलनेत किलोमीटरला दीड रुपयावर वाचतील, म्हणजे वर्षाला दहा हजार. पण त्याच गाडीचं डिझेल मॉडेल पेट्रोलपेक्षा लाखभर रुपयांनी तरी महाग असतं, आणि आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या गाडीला रोड टॅक्सही पेट्रोलवर ११ टक्के तर डिझेलवर १३ टक्के. लाखभर जास्तीचे भरून वर्षाला दहा हजार वाचवायचे, म्हणजे वसूल व्हायला दहा वर्षं. तीच गाडी वर्षाला वीस हजार चालली असती तर साडेतीन वर्षांत वसूल. सगळा खेळ रनिंगचा आहे, गाडीचा नाही.

शिवाय नव्या डिझेल गाड्यांचं एक वेगळंच दुखणं आहे, ते शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे धुराचे कडक नियम आले. मारुतीनं तर त्याच वेळी डिझेल गाड्या बंदच केल्या. आज छोट्या गाड्यांत डिझेल जवळजवळ संपलंय. ज्या नव्या डिझेल गाड्या मिळतात त्यांच्या सायलेन्सरच्या नळीत काजळी अडवणारा एक फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला. साठलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून मोठ्या रस्त्यावर एका लयीत पंधरा-वीस मिनिटं पळावी लागते. घर ते शाळा, शाळा ते बाजार, बाजार ते घर एवढंच चाललं तर तो चोंदतो, आणि बदलायला आला तर खर्च ऐकून घाम फुटतो. जुन्या डिझेलला हे लाड नव्हते. गावातल्या मिस्त्रीनं पाना-पक्कड घेऊन काम भागवलं.

मग पेट्रोलच चांगलं असं सरसकट म्हणायचं का? तेही नाही. सेकंडहँड पेट्रोल गाडी बघत असाल तर ती कोणत्या वर्षाची हे आवर्जून विचारा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्या त्या हिशोबानं तयार केल्यात. त्याआधीच्या गाड्यांचं ॲव्हरेज थोडं कमी होतं, हे सरकारही मान्य करतं. आणि हे इथेनॉल येतं कुठून, तर मका, तांदळाबरोबर ऊसाच्या रसातून आणि मळीतून. आपल्या तालुक्यातली माणसं दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन ज्या ऊसाच्या फडात जातात, तोच ऊस आता गाडीच्या टाकीतही जातोय. असो. सीएनजीचा किलोमीटरचा खर्च या दोन्हींपेक्षा कमी, पण पंप आपल्या नेहमीच्या रस्त्यावर आहे का, आणि असला तर रांग किती, हे स्वतः जाऊन बघितल्याशिवाय त्या नादी लागू नका.

बाईंच्या घरी दुसरी मोठी भीती होती ती 'डिझेल गाडी दहा वर्षांनी बंद होते' ही. मोबाईलवर कुणीतरी पाठवलं होतं. गाडी बघायला आलेल्या एजंटानंही तेच सांगितलं आणि भाव पाडला. मैत्रिणींनो, दहा वर्षांचा तो नियम दिल्ली आणि भोवतालच्या भागाचा. राष्ट्रीय हरित लवादानं तो घातला आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये कायम केला, पुढे त्यातही फेरफार झाले. महाराष्ट्राला तो लागू नाही. आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. त्यानंतर गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, ती ठीक असेल तर पाच वर्षं वाढवून मिळतात. एमएच-२३ च्या गाड्यांना त्यासाठी बीड गाठावं लागतं.

अर्थात हे फुकट नाही. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि गाडी वीस वर्षांच्या पुढे गेली तर ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. वर पर्यावरण कर. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपर्यंत अर्ज करता येतो, आणि उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये दंड. आपल्याकडे 'बघू पुढच्या महिन्यात' करत आठ महिने जातात. चार हजार तिथंच गेले!

गाडीवर काम किती निघतंय, हे बाईंनी नेहमीच्या मिस्त्रीकडून कागदावर लिहून घेतलं. तोंडी नाही. इंजेक्टरचं काम १४ हजार, क्लच ९ हजार, पुढचं सस्पेन्शन ८ हजार, चार टायर १६ हजार. एकूण ४७. पासिंगचा खर्च धरून पंचावन्न हजारांच्या घरात. आणि गाडी एक्स्चेंजमध्ये दिली तर मिळणार होते ६५ हजार.

यजमान म्हणाले, पासष्ट हजारांच्या गाडीवर पंचावन्न हजार घालणं म्हणजे वेडेपणा. ऐकायला पटतं. पण तुलना तशी नसते. जुन्या गाडीचा खर्च तिच्या किमतीशी लावायचा नसतो, दुसरी गाडी आणायला जे जादा पैसे लागतील त्यांच्याशी लावायचा असतो. जुनी गाडी देऊनही वर चार लाखांचं कर्ज काढावं लागणार होतं. साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर हफ्ता ८,४०० रुपये. पाच वर्षांत बँकेला जातात पाच लाख चार हजार, म्हणजे एक लाखावर नुसतं व्याज. हफ्ता कुणाच्या पगारातून कापला जाणार? बाईंच्या. पहिल्या गाडीचाही त्यांच्याच पगारातून गेला होता. आणि कर्ज नको असेल तर मुलीच्या नावची एफडी मोडा, नाहीतर सोनं ठेवा, असे दोन पर्याय घरातल्या मंडळींनी अगदी सहज सुचवले. ऊसाचं, कापसाचं, दुकानाचं काही मोडायचं कुणी सुचवलं नाही, हे मात्र मला लिहिल्यावाचून राहवत नाही.

पण सगळं पैशावर सुटत नाही. बाईंच्या मनात भीती होती ती रात्रीची. आत्याबाईंना हृदयाचा त्रास आहे. मागे एकदा त्यांना रात्री बीडला न्यावं लागलं आणि गाडी मांजरसुंब्याच्या अलीकडे बंद पडली. ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्यानं ओढून रस्त्यावरच्या ढाब्यापर्यंत आणली, तिथून दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. आत्याबाई सुखरूप आहेत, पण तो पाऊण तास बाई विसरलेल्या नाहीत. बीडला १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगरहून रेल्वे सुरू झाली, आनंद आहे. पण पाटोदा गावाला स्टेशन नाही, आणि असतं तरी रात्री दीड वाजता छातीत कळ आल्यावर रेल्वेचा काय उपयोग? आपल्यासारख्या गावात घरची गाडी हौसेसाठी कमी आणि अशा रात्रीसाठी जास्त असते. एकशे आठला फोन करायचाच, पण दारात चालू गाडी असण्याचा आधार वेगळा.

तर प्रश्न असा झाला की जुनी गाडी भरवशाची करता येईल का. बाईंनी मिस्त्रीला सरळ विचारलं, 'त्या रात्री बंद का पडली होती?' मिस्त्री म्हणाला, डिझेल फिल्टर वेळेवर बदललेला नव्हता, टाकीत पाणी-कचरा होता. म्हणजे इंजिन म्हातारं झालं म्हणून नाही, तर वर्षभर कुणी बघितलं नाही म्हणून. गाडी कमी चालायला लागली की सर्व्हिसिंग किलोमीटरवर मोजून पुढे ढकलली जाते. पण ऑईल, फिल्टर, बॅटरी ह्यांना महिनेही लागू असतात. वर्षाला एकदा तरी ते बघावंच लागतं, गाडी दोन हजार चालो की वीस हजार. इंजिनात कॉम्प्रेशन चांगलं आहे, ऑईल खात नाही, काळा-निळा धूर नाही, हे मिस्त्रीनं तपासून सांगितलं. इंजिनच बसलं असतं तर मीही म्हटलं असतं, द्या सोडून.

आणि मोठी डिझेल गाडी? तिचा निकाल आत्याबाईंनीच लावला. नातेवाइकांची उंच गाडी दारात आली होती. यजमान कौतुकानं म्हणाले, 'आई, बसून बघ.' आत्याबाईंनी एक पाय उचलला, दाराला धरलं आणि परत खाली ठेवला. 'मला न्हाई चढता यायचं ह्याच्यात. माझा गुडघा वर जात न्हाई.' जिच्यासाठी रात्री गाडी काढायची, तिलाच चढता येत नाही! शोरूमच्या चकचकीत फरशीवर उभं राहून हे कुणाला सुचलं असतं? गाडी पसंत करायला जाताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्यायला हवं, असं मला तेव्हापासून वाटतं.

उलटंही असतं. शिरूर कासारकडच्या एक बाई बाजारोबाजार कापड विकतात. आठवड्याचे पाच दिवस पाच गावं, मागे कापडाचे गठ्ठे, वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर सहज. त्यांनी जुनी डिझेल गाडी देऊन दुसरी दणकट डिझेल घेतली आणि त्यांचं अगदी बरोबर आहे. त्यांची गाडी कमावते.

आता एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. बऱ्याच नोकरदार बायकांच्या नावावर गाडी असते, कारण कर्ज त्यांच्या पगारावर मिळतं. चालवतात दुसरे, विकतातही दुसरे, आपण सही करतो. बाईंच्या गाडीला एका नात्यातल्या मुलानं मागणी घातली होती. 'पैसे आत्ता घ्या, कागद नंतर करू.' इथं थांबा. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की, गाडी कितीही हातांतून गेली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे, तोच कायद्यानं मालक आणि अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याची. म्हणजे गाडी तिसऱ्याच गावात, चालवणारा चौथाच, आणि नोटीस येणार पाटोद्याला, बाईंच्या नावानं. गाडी नात्यात द्या, ओळखीत द्या, नाहीतर एजंटाला द्या, फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलल्याशिवाय चावी सोडू नका. कोऱ्या फॉर्मवर सही करून देण्याची पद्धत तर मोडूनच काढा.

आणि विम्यात जो 'नो क्लेम बोनस' साठलेला असतो तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम घेतला नसेल तर तो पन्नास टक्क्यांपर्यंत जातो. गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर पुढच्या गाडीच्या विम्यात तो वापरता येतो. कितीतरी घरांत हा बोनस गाडीबरोबरच जातो, कुणी विचारतच नाही.

बाईंच्या घरी शेवटी ठरलं ते असं. जुनी गाडी दुरुस्त करून पासिंग करायची आणि निदान दोन वर्षं वापरायची. ८,४०० रुपयांचा जो हफ्ता बँकेला गेला असता, त्याची आरडी काढायची, बाईंच्या नावावर. दोन वर्षांत दोन लाखांवर जमतील. मग रनिंग असंच राहिलं तर बुटकी, चढायला सोपी, अलीकडची पेट्रोल गाडी घ्यायची. यजमान अजून थोडे नाराज आहेत. मला विचाराल तर दोन वर्षं थांबणं हे थोडं ताणल्यासारखं आहे, कारण त्या जुन्या मॉडेलचे काही पार्ट आता मिळवायला आठ-आठ दिवस लागतात. मी दीड वर्षातच बघायला लागले असते. पण आरडी बाईंच्या नावावर आहे, तेव्हा कधी मोडायची हेही त्याच ठरवतील.

पासिंगसाठी कागद काढले तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली. कर्ज २०१६ सालीच फिटलेलं, पण आरसी बुकावर बँकेचा बोजा अजून तसाच होता. बँकेची एनओसी फाईलमध्येच पडून, फॉर्म ३५ भरायचा राहून गेलेला. तुमच्याही गाडीचं कर्ज फिटलं असेल तर आज संध्याकाळी आरसी काढून बघा. बाईंना त्या जुन्या एनओसीची मुदत संपली म्हणून बँकेतून नवी आणावी लागतेय, आणि त्या कामासाठी त्या येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर जाणार आहेत. गाडी त्याच चालवणार आहेत.